चाल आधी, शब्द मागून

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावातील एका गणेशोत्सव मंडळाच्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमाचे निवेदन आपल्याकडे आले आहे. लोकप्रिय गाणी कशी सुचली याच्या विस्मयकारक, पण खऱ्या कथा आपल्याला दोन गाण्यांच्या मधल्या जागेत सांगायच्या आहेत आणि त्यात आपल्या भागाचा काही धागा असावा अशी आपली इच्छा आहे. मी गेली पस्तीस वर्षे शहापूर-टिळकवाडीपासून खानापूर-निपाणीपर्यंत नाट्यगीतांना, भजनांना आणि भावगीतांना पेटीची साथ करीत आलो आहे, आणि हौशी नाटकांसाठी थोडी पदेही लिहिली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

प्रथम ‘सुचली’ या शब्दाविषयी. निवेदक मंडळींना पाऊस, खिडकी आणि एकटा कवी फार आवडतो. प्रत्यक्षात आपल्या ओठांवर असलेली बरीचशी गाणी कोणीतरी मागितली म्हणून, अमुक दिवसापर्यंत हवीत म्हणून आणि पुष्कळदा आधीच ठरलेल्या चालीवर बसवून लिहिली गेली आहेत. श्रोत्यांना आश्चर्य वाटायला हवे ते याचे, की इतक्या अडचणीत लिहिलेले गाणे इतके सहज कसे वाटते.

गीतरामायणाचेच पाहा. पुणे आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे वर्षभर चालेल अशा गीतमालिकेची मागणी केली, सुधीर फडके यांनी चाली दिल्या आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिले गीत प्रसारित झाले. त्या पहिल्या गीताचा कागद ऐनवेळी सापडेना, माडगूळकर संतापले, त्यांना कागद-लेखणीसह एका खोलीत बसवून बाहेरून दार लावले आणि थोड्याच वेळात त्यांनी गीत पुन्हा लिहून दिले, हा किस्सा सर्वत्र सांगितला जातो. तो सांगितला की हमखास टाळी मिळते, त्यामुळे आपणही तो सांगालच. मला मात्र त्याहून मोठी मौज दुसऱ्याच गोष्टीची वाटते. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाची बावन्न गीते व्हायची होती; पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि पुढची रामनवमी लांबली. मालिका १९ एप्रिल १९५६ पर्यंत न्यावी लागली आणि गीतांची संख्या ५६ झाली. म्हणजे चार गीते पंचांगाने लिहून घेतली! दर आठवड्याला नवे वृत्त, नवे पात्र आणि नवी चाल देण्याचा हा नेम दोघांनी वर्षभर कसा पाळला असेल, हे ज्याने एका नाटकाची आठ पदे लिहितानाही रात्री जागवल्या आहेत त्यालाच कळेल. फडके आणि माडगूळकर दोघेही १९१९ सालचे. फडके कोल्हापूरचे, माडगूळकरांचेही चित्रपटाचे शिक्षण कोल्हापुरातलेच, त्यामुळे निपाणी ओलांडली की आपलेच वाटावेत असे हे दोघे, एवढे आपण निवेदनात खुशाल म्हणावे.

आता आपल्या भागाच्या धाग्याकडे येतो, कारण तो शोधायला लांब जावे लागत नाही. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. हे गाव आजच्या बेळगाव जिल्ह्यात, कन्नड बोलणाऱ्या मुलखात आहे. पुण्यात पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहिल्यावर त्यांच्या मनात मराठीतही असे गाते नाटक असावे हा विचार आला, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले, तेही प्रथम तीनच अंकांचे. नाटक पुरे होण्याची वाट न पाहता पदे लोकांच्या तोंडी गेली.

या नाटकांची एखादी जुनी छापील प्रत मिळाली तर निवेदनापूर्वी अवश्य हातात घ्यावी. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात ‘चाल’ असे लिहून त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले चरण दिलेले असते. आज ती ओळ कोणी वाचत नाही. त्या काळच्या नटाला मात्र तीच ओळ स्वरलिपीच्या ठिकाणी होती: अमुक गाणे तुम्हाला येते ना, मग त्याच सुरावर हे शब्द म्हणा. किर्लोस्करांनी कीर्तनातली साकी-दिंडी ही वृत्ते घेतली, लावणीची चाल घेतली आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या कर्नाटकी चालीही घेतल्या. म्हणजे ज्या पदांना आपण अस्सल मराठी म्हणून छातीशी धरतो त्यांतील काहींचा सूर आधी कानडी शब्दांबरोबर नांदून आलेला आहे. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल हेही काही काळ बेळगावात शिक्षक होते, आणि त्यांच्या पदांतही या चाली दिसतात. माझ्या गुरुजींच्या वहीत अशा काही पदांशेजारी पेन्सिलीने कानडी पदांची सुरुवातीची अक्षरे टिपलेली होती; वहीचे पान उलटण्याआधी ते कानडी ओळ गुणगुणायचे आणि मगच मराठी पदाला हात घालायचे.

याही मागे एक पायरी आहे. १८४२ साली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींनी सांगलीत आपले खेळ केले. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसाच खेळ मराठीत रचण्यास सांगितले, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले. त्यातील पद्ये भाव्यांनी स्वतः रचली आणि ती सूत्रधाराने म्हटली. किर्लोस्करांचा जन्मही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग. पण निवेदकाला असे योगायोग फुकट मिळत नाहीत, त्यामुळे आपण तो वापरावा. मागणी संस्थानिकाची आणि नमुना कानडी, असा आपल्या रंगभूमीच्या पहिल्या पदांचा जन्म आहे. गोकाकच्या बाजूला आजही ‘श्रीकृष्ण पारिजात’चा खेळ रात्रभर चालतो. तो एकदा बसून ऐकला, तर सूत्रधाराचे गाणे आणि पात्राचे बोलणे यांची ती जुनी वाटणी कशी असेल याची कल्पना कानाला लगेच येते.

चालीवर शब्द बसविणे म्हणजे नेमके काय, हे श्रोत्यांना एखाद्या उदाहरणाने दाखवले तर ते अधिक रमतात. ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची. खाडिलकर मुळात ‘केसरी’च्या घडणीतले गद्य लेखक, त्यांची पदे दुर्बोध आहेत अशी तक्रार तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे, आणि ‘टकमक पाहि सूर्य रजनिमुख’ वाचताना ती अगदीच खोटी वाटत नाही. पण वाचणे सोडून गाऊन पाहावे. ‘खरा तो प्रेमा ना धरी लोभ मनी’ ही ओळ घ्या. मराठीत आपण ‘खरे ते प्रेम’ म्हणतो. खाडिलकरांनी ‘खरा तो प्रेमा’ लिहिले. संस्कृतात ‘प्रेमा’ हे पुल्लिंगी रूप आहेच, तेव्हा व्याकरण सांभाळले गेले. पण गाणाऱ्याच्या दृष्टीने झाले ते असे, की ‘प्रेम’ म्हटल्यावर ओठ मिटतात आणि ‘प्रेमा’ म्हटल्यावर तोंड उघडे राहते. त्या उघड्या आकारावर गायकाला हवी तेवढी जागा घेता येते. मी शिकवायला बसतो तेव्हा पेटीवर काळी चार धरून विद्यार्थ्याला ही ओळ एकदा ‘प्रेम’ आणि एकदा ‘प्रेमा’ अशी म्हणायला लावतो; पहिल्या वेळी तान घशातच अडते आणि त्याचे त्यालाच हसू येते. आपल्या कार्यक्रमात गायिका तयारीची असेल तर रंगमंचावर हे करून दाखवायला सांगा, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले होते आणि तरीही ते भूमिकेसाठी उभे राहिले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. सांगायची असल्यास ती गाण्याच्या आधी सांगू नये, असे माझे मत आहे. दुःख ऐकल्यावर श्रोता सूर ऐकत नाही.

चालीवर लिहिताना आजचे संगीतकार आधी ‘डमी’ घालतात, म्हणजे मात्रा भरतील असे कसलेही निरर्थक शब्द तात्पुरते बसवून ठेवतात. हे काही आपल्याकडचेच नाही. इंग्रजांच्या बीटल्स या चमूतील पॉल मॅकार्टनी यांना ‘यस्टरडे’ या १९६५ च्या गाण्याची चाल झोपेतून जागे होताना सुचली आणि खरे शब्द मिळेपर्यंत ते त्या चालीवर अंड्याच्या भुर्जीचे शब्द म्हणत होते. आमच्या तालमीत त्या जागी साधारणपणे कुंदा, ही आपली बेळगावची मिठाई, असतो.

आता आपल्या यादीतील ‘इंद्रायणी काठी’कडे येतो. आपण हे गीत ‘संतरचना’ या सदरात घातले आहे आणि ही चूक आपल्या एकट्याची नाही. कित्येक भजनी मंडळांच्या वह्यांतही ते तसेच आहे. हे गीत ग. दि. माडगूळकरांचे असून १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी लिहिलेले आहे. संगीत पु. ल. देशपांडे यांचे आणि स्वर भीमसेन जोशी यांचा. संतांच्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी मुद्रिका येते. येथे ती नाही, आणि ही खूण प्रत्येक निवेदकाने तपासावी. पण माडगूळकरांनी अभंगाचा बाज इतका अचूक पकडला आहे की फसायला होते. एका कडव्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला कसा जोडला आहे ते पाहा: ‘ज्ञानेशाची’वर थांबून ‘ज्ञानियाचा राजा’ने उचलायचे, ‘मागेपुढे’ने संपवून ‘मागेपुढे दाटे’ने सुरू करायचे. टाळकऱ्यांनी एकमेकांच्या तोंडून ओळ उचलावी तशी ही रचना आहे. आणि आपल्या भागाचा धागा? पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठी शिकवीत होते, आणि भीमसेनजी गदगच्या बाजूचे, मातृभाषेने कानडी. आळंदीचे हे गीत घराघरात पोहोचले ते एका कन्नडिगाच्या गळ्यातून, एवढे एकच वाक्य आपण बोलावे आणि लगेच टाळ सुरू होऊ द्यावेत.

हाच गोंधळ ‘देहाची तिजोरी’चा होतो. ते कोल्हापूरच्या जगदीश खेबूडकरांनी १९७२ च्या ‘आम्ही जातो अमुच्या गावा’ या चित्रपटासाठी लिहिले. ‘कानडा राजा पंढरीचा’ हेही माडगूळकरांचेच, १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातले. ज्ञानेश्वरांनी ‘कानडा हो विठ्ठलू कर्नाटकू’ म्हटले होते, त्या ‘कानडा’ शब्दात ‘कर्नाटकातला’ आणि ‘न कळणारा’ असे दोन्ही अर्थ आहेत. हे पुण्यात समजावून सांगावे लागते. आपल्याकडे मात्र ते सांगत बसू नये. ज्याच्या गल्लीत पलीकडच्या दारी कानडी आणि अलीकडच्या दारी मराठी बोलतात त्या माणसाला हा शब्द पाठच असतो.

आता एका गाण्याविषयी थोडे गंभीरपणे लिहितो. आपल्या यादीत अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझी मैना गावावर राहिली’ आहे, आणि त्याच्यापुढे आपण ‘विरहाची लावणी’ असे लिहून फक्त सुरुवातीची कडवी घेतली आहेत. पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाची गावी राहिलेल्या बायकोसाठी होणारी तगमग, असे ते गाणे सुरू होते खरे. पण ही छक्कड, म्हणजे शाहिरी गाण्याचा एक प्रकार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली आहे. मैनेच्या रूपाचे, तिच्या दागिन्यांचे आणि निरोपाच्या क्षणाचे वर्णन मनसोक्त करून झाल्यावर शाहीर मुंबईच्या गर्दीत येतो, तिथून चळवळीत येतो, आणि शेवटी त्या ताटातुटीची तुलना खंडित महाराष्ट्राशी करतो; तिथे बेळगाव, कारवार ही नावे येतात. प्रेमगीत म्हणून कान दिलेल्या श्रोत्याला नकळत सभेत आणून बसविण्याची ही हातोटी मला तरी दुसऱ्या कोणत्या मराठी गाण्यात इतकी साधलेली दिसत नाही. लांबीसाठी शेवट गाळला तर उरते ते निम्मे गाणे, आणि तेही बेळगावच्या रंगमंचावर! पूर्ण म्हणायचे नसेल तर यादीतून काढावे. सभागृहात कानडी बोलणारे श्रोतेही असतील, तेव्हा आपल्या निवेदनात घोषणा नसाव्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, या दोन तारखा सांगितल्या की छक्कडीचा काळ उभा राहतो आणि पुढचे काम शाहिराचे शब्द करतात.

बाकीच्या गाण्यांविषयी थोडक्यात. ‘घनश्याम सुंदरा’ देवळात पहाटे ऐकून लोक ते एखाद्या संताचे समजतात. ते होनाजी बाळा यांचे, म्हणजे लावण्या रचणाऱ्या आणि तमाशाचा फड गाजविणाऱ्या शाहिराचे. होनाजी शिलारखाने जातीने गवळी आणि बाळा कारंजकर हा त्याचा जोडीदार. कवनाखाली दोघांचे नाव एकत्र पडले ते कायमचे. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची सुरुवातीची ओळ कवी प्रदीप यांनी मुंबईत माहीमच्या समुद्रकिनारी फिरताना कोणाकडून तरी पेन मागून सिगारेटच्या पाकिटाच्या चकचकीत कागदावर टिपली, आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी ते गायले, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचे. ‘अरे संसार संसार’ लिहिले असे म्हणणेच चूक आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्यांच्या तोंडून आलेले शब्द घरच्यांनी टिपून ठेवले, १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर मुलगा सोपानदेव यांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये पुस्तक झाले. या तिन्ही कथा श्रोत्यांपैकी अनेकांना माहीत असतील, म्हणून प्रत्येकी दोन वाक्यांपलीकडे जाऊ नये.

शेवटी आपण विचारले आहे की माझे स्वतःचे एखादे गाणे कसे झाले. सांगण्यासारखे एकच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका गावच्या हौशी नाटकात गौरी घरात येण्याचा प्रसंग होता आणि दिग्दर्शकांनी प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी तेथे गाणे हवे असा हट्ट धरला. मला चाल सुचेना. ज्या घरी आमचा मुक्काम होता त्यांच्या मागच्या रानात भाताची भांगलण चालली होती आणि एक म्हातारी कानडीत काहीतरी म्हणत होती. चार सुरांतच फिरणारी चाल, पण शेवटचा सूर ती फार वेळ धरायची. मी बांधावर बसून ती चाल उचलली आणि कंदिलाच्या उजेडात तिच्यावर शब्द लिहिले. पहिली ओळ अशी होती: ‘सोनपावली गौराई उभी उंबऱ्यावर’. प्रयोग झाला, गाणे बरे वाटले, आणि मी ते विसरून गेलो.

चार वर्षांपूर्वी त्याच बाजूच्या एका घरी गौरीच्या दिवशी जेवायला होतो, तर बायका फेर धरून तेच म्हणत होत्या. मी जरा कौतुकाने, पण अकारण, त्यांच्याबरोबर म्हणू लागलो. एका मावशींनी फेर थांबवला आणि मला सांगितले, “दादा, तुमचं चुकतंय. हे जुनं गाणं आहे, आमच्या सासूबाईंपासनं चालत आलंय. ‘उंबऱ्यावर’ नाही, ‘उंबऱ्यावरी’.” मी त्यांच्याप्रमाणे म्हणून पाहिले. म्हातारीने बांधापलीकडे धरलेला तो शेवटचा लांब सूर माझ्या ‘वर’मध्ये मावत नव्हता, ‘वरी’च्या दीर्घ ईकारात तो नीट बसला. घरी आल्यावर मी वही काढली आणि ती ओळ दुरुस्त केली.